युद्ध, कट आणि पैशाची सत्ता: ही पुस्तकं तुम्ही कशी वाचता?

वाणिज्य_बाई

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या वाचनालयात (बेळगाव तालुक्यातलं, छोटंच आहे) सध्या कथा-कादंबऱ्यांपेक्षा जास्त मागणी आहे ती महायुद्धं आणि हेरगिरीच्या पुस्तकांना, 'जगावर खरं राज्य कुणाचं' या धर्तीच्या पुस्तकांना आणि बँका, सोनं, डॉलर, मोठी घराणी यांच्यावरच्या पुस्तकांना. निवृत्त जवान नेतात, कारखान्याला ऊस घालून आलेले शेतकरी नेतात, बारावीची मुलं तर एकमेकांच्या हातातून ओढून नेतात. मी बुक-कीपिंग शिकवते. त्यामुळे पुस्तक संपलं की मुलं थेट माझ्याकडे येतात, "बाई, सगळी युद्धं बँकवाल्यांनी लावली, हे खरं काय?"

आता वाचनालयाच्या कमिटीत विषय निघालाय की ही पुस्तकं कपाटातून काढावीत, मुलांची डोकी फिरतात. मला ते मान्य नाही. या पुस्तकांचा मूळ प्रश्न रास्त आहे: लढाईला पैसा कुणी दिला, आणि लढाई संपल्यावर तो कुणाकडून वसूल झाला? शाळेच्या इतिहासात सनावळ्या असतात, सेनापती असतात, तहाची कलमं असतात, हिशेब नसतो. वाचकाला तो हिशेब हवा असतो. पण उत्तर द्यायची वेळ आली की यातली बरीच पुस्तकं एखाद्या घराण्याकडे नाहीतर बंद खोलीतल्या आठ-दहा माणसांकडे बोट दाखवून मोकळी होतात.

हिशेब मात्र बहुतेक वेळा उघड्या कागदावर असतो. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये निघाली तीच मुळी फ्रान्सशी चाललेल्या लढाईसाठी सरकारला १२ लाख पौंड कर्ज द्यायला, ८ टक्के व्याजानं. पार्लमेंटच्या कायद्यात आहे ते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला १० कोटी पौंड 'भेट' दिले. त्या वेळच्या दरानं दीडशे कोटी रुपये. रोखे काढून आणि कर वाढवून ते उभे केले, म्हणजे शेवटी भरले इथल्याच माणसांनी. आमच्या कपाटातल्या कुठल्याही 'गुप्त सत्ते'च्या पुस्तकात मला हा आकडा सापडला नाही.

आमच्याकडे अशा एका पुस्तकात, रॉथशील्ड नावाच्या बँकवाल्यानं वॉटर्लूच्या लढाईवर पैसा केला या गोष्टीच्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलंय, "१००% खरे". त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "पुरावा?" आणि त्याखाली तिसऱ्या कुणीतरी निळ्या शाईनं, "वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये." मला ते पान फार आवडतं. मधला प्रश्न विचारणारा वाचक गावात आहे, याचा मला आनंद आहे.

तर सांगा, तुम्ही ही पुस्तकं कशी वाचता? मुलांना द्यावीत का?

खडेबाजार_कट्टा

काढू नका बाई. माझ्यासारख्या अनेकांच्या हातात पहिलं जाड पुस्तक आलं ते हेच. त्याआधी पेपरातलं क्रिकेटचं पान सोडून काही वाचत नव्हतो.

माजी_सुभेदार

जय हिंद. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

बाईंनी पैशाचं विचारलं आहे तर मेसोपोटेमियाचं, म्हणजे आजच्या इराकचं, उदाहरण घ्या. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आलं १९२२ मध्ये, पण त्याआधीच मराठा पलटणींनी तिकडे रक्त सांडलं होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव बंदरावर जी पहिली ब्रिगेड उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. का उतरली? तुर्कांशी युद्ध होतं हे खरं, पण जवळच इराणातल्या अबादानला तेलाची रिफायनरी होती. ती ज्या अँग्लो-पर्शियन कंपनीची, तिचे निम्म्याहून जास्त, ५१ टक्के भाग ब्रिटिश सरकारनं त्याच वर्षी विकत घेतले होते. नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर जात होती, आणि आरमाराचा मंत्री चर्चिल. जून १९१४ मध्ये पार्लमेंटात चर्चा झाली, मतदान झालं, प्रचंड बहुमतानं मंजूर. कसलीही गुप्त बैठक लागली नाही.

पुढं कूत, तिकडचंच एक गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. आत पुणे डिव्हिजन होती. १०३, ११० आणि ११७, तिन्ही मराठा पलटणी आत अडकलेल्या. दाणापाणी संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि बऱ्याच जवानांनी धर्मासाठी ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. शेवटी ब्रिटिशांनी तुर्की सेनापती खलील पाशाला पैसे देऊ केले, आधी १० लाख पौंड, मग २० लाख. बोलणी करायला गेलेल्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला लॉरेन्सही होता. पाशानं नकार दिला. सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यातली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली.

१९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. जखमींना न्यायला बोटी नव्हत्या, औषधं नव्हती, हिंदुस्थान सरकारनं खर्चात हात आखडला, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारतमंत्री चेंबरलेननं राजीनामा दिला. माझं म्हणणं एवढंच की जवान मेले ते कुणा गुप्त मंडळाच्या इशाऱ्यानं, असं म्हटलं की ज्यांनी सही केली ते सुटतात. सही करणाऱ्यांची नावं आहेत, हुद्दे आहेत. मुलांना ही पुस्तकं जरूर द्या, पण हा अहवालही सांगा.

अनगोळचा_पोर

सुभेदारकाका, अंगावर काटा आला वाचून.

खरं बाई, एक सांगा. सगळं उघडच असतंय तर १९१० मध्ये अमेरिकेतले बँकवाले जेकिल बेटावर चोरून का गेले? आडनावं घ्यायची नाहीत, एकेकट्यानं स्टेशनवर यायचं, कुणी विचारलं तर बदकाच्या शिकारीला चाललोय म्हणायचं. हे तर खोटं नाही ना? आणि त्यातनंच फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक निघाली. मी दोन पुस्तकांत वाचलंय.

टिळकवाडी_वाचक

अनगोळच्या भावा, खोटं नाही. तू वाचलंस ते घडलेलं आहे. सिनेटर ऑल्ड्रिच, पॉल वॉरबर्ग, व्हँडरलिप, मॉर्गनच्या पेढीतला डेव्हिसन आणि अर्थखात्याचा अँड्र्यू, असे लोक ऑल्ड्रिचच्या खासगी रेल्वे डब्यातून नोव्हेंबर १९१० मध्ये गेले. व्हँडरलिपनं स्वतः १९३५ साली मासिकात लेख लिहून सगळं सांगून टाकलं. बैठक गुप्त होती, कारण वॉल स्ट्रीटच्या माणसांनी आराखडा केला हे कळलं असतं तर लोकांनी तो तिथंच गाडला असता.

पण पुस्तकं पुढचा भाग गाळतात. ऑल्ड्रिचची योजना मंजूर झालीच नाही. १९१२ च्या निवडणुकीत सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली. २३ डिसेंबर १९१३ चा कायदा ग्लास आणि ओवेन यांच्या विधेयकाचा. त्यात जुन्या आराखड्यातलं पुष्कळ आलं, आणि वर राष्ट्राध्यक्षानं नेमलेलं मंडळही आलं, जे बँकवाल्यांना नको होतं. सभासद बँकांकडे फेडरल रिझर्व्हचे शेअर असतात हे खरं, पण ते बाजारात विकता येत नाहीत, त्यांवर मुळात ६ टक्क्यांचा ठरीव लाभांश होता, आणि खर्च वजा जाता उरलेला नफा सरकारी तिजोरीत जातो.

आणि आधीचं १९०७ पण वाच. न्यूयॉर्कमध्ये बँकांवर झुंबड उडाली, सावरायला मध्यवर्ती बँकच नव्हती. जे. पी. मॉर्गननं आपल्या घरच्या ग्रंथालयात बँकवाल्यांना रात्रभर बसवलं, दाराला कुलूप घातलं आणि पैसे द्यायचं कबूल करून घेतल्यावरच सोडलं. एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर देशाचे पैसे वाचणार, ही भीती खरी होती. त्या भीतीतून कायदा आला.

काकती_पाटील

मी बाईंशी सहमत नाही. कमिटीचं बरोबर आहे.

माझ्या भाच्यानं अशी पुस्तकं आणि त्यावरचे व्हिडिओ बघून ठरवलं की डॉलर कोसळणार, बँका बुडणार, रुपयाला किंमत राहणार नाही. पगारातले पैसे बँकेतून काढून कुठल्यातरी परदेशी नाण्याच्या योजनेत घातले. योजना आणणारा गावातलाच ओळखीचा माणूस. पैसे गेले. बहिणीनं लग्नासाठी ठेवलेलं सोनं मोडून कर्ज फेडलं. पुस्तकानं लुबाडलं असं मी म्हणत नाही, पण लुबाडणाऱ्याला जमीन नांगरून दिली ती पुस्तकानंच. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला 'सगळे खोटं बोलतात' एवढं पटवून दिलं की तो पहिल्या गोड बोलणाऱ्याच्या मागं जातो. हे मी घरात बघितलंय.

वाणिज्य_बाई

पाटीलदादा, तुमचं म्हणणं अगदी मनाला लागलं. भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. याच कारणासाठी मी मुलांशी बोलायला धडपडते. पुस्तक काढलं तर व्हिडिओ राहतोच, आणि व्हिडिओच्या समासात कुणाला "पुरावा?" असं लिहिता येत नाही.

शहापूर_मागवाला

पाटीलदादांच्या मुद्द्याला जोडून. माझ्या वडिलांची आयुष्याची ठेव एका पतसंस्थेत अडकली. नाव घेत नाही. माग विकून आलेले पैसे होते. वडील जगातल्या बँकांवर तासभर बोलू शकायचे, कुठल्या घराण्याकडे किती सोनं आहे ते सांगायचे. पण ज्या संस्थेत ठेव, तिचा अहवाल दरवर्षी घरी यायचा आणि तसाच कपाटावर पडायचा. ठेव अडकल्यावर मी ते सगळे अहवाल काढून वाचले. थकबाकी दरवर्षी वाढत होती, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं मागच्या पानावर छापलेली होती. बारीक अक्षरात, पण छापलेली. वार्षिक सभेत कुणीही उठून विचारू शकलं असतं. सभेला आलेले लोक सही करून, पाकिटातला चिवडा घेऊन घरी जायचे.

म्हणून मला बाईंचं 'हिशेब उघड्या कागदावर असतो' हे पटतं. ते वाचायला शिकवा मुलांना. ताळेबंद, थकीत कर्ज, लेखापरीक्षकाचा शेरा.

निपाणीची_लेक

मागवाले दादा, तुम्ही माझ्या मनातलं बोललात.

आमच्याकडे पैशाची सत्ता काय असते हे समजायला पुस्तक लागलं नाही. तंबाखूची वखार पुरेशी होती. माल शेतकऱ्याचा, प्रत ठरवणार व्यापारी. पानाला हात लावून, वास घेऊन, 'हे हलकं आहे' म्हटलं की भाव पडला. त्याला आव्हान द्यायचं कुठं? शेतकऱ्यानं त्याच व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात उचल घेतलेली, त्यामुळे दुसरीकडे विकायची सोय नाही. उचल, प्रत आणि भाव, तिन्ही एकाच हातात. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांची मजुरीही तोच ठरवणार. माझी आजी चाळायला जायची. संध्याकाळी घरी आली की अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायची, तरी घरात तो उग्र वास यायचा आणि आम्हा पोरांना शिंका सुटायच्या.

१९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. बायका, पोरं, बैलगाड्या, रस्त्यावरच चुली. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. घरात अजून त्या दिवसांचं बोलणं निघतं.

या पुस्तकांचं मला एक कळत नाही. त्यांत सत्ता नेहमी न्यूयॉर्क, लंडन, झुरिचला असते. वाचणाऱ्याला वाटतं, आपण काय करणार. निपाणीच्या रस्त्यावर बसलेल्या माणसांना माहीत होतं की सत्ता समोरच्या वखारीत आहे, म्हणून ते बसू शकले.

खडेबाजार_कट्टा

ताई, हे वेगळा धागा काढून सविस्तर लिहा, हात जोडून विनंती. माझी मावशीपण वखारीत होती.

खानापूरचा_रानवाटा

सगळं पटतंय, तरी मी थोडा उलट्या बाजूनं बोलतो. इथं हळूहळू असा सूर लागलाय की कट असं काही नसतंच, सगळं कायद्यात आणि अहवालात असतं. तसं नाही. कट असतात.

४ ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाला, असं अमेरिकेनं जगाला सांगितलं. तीन दिवसांत काँग्रेसचा ठराव झाला आणि व्हिएतनाममध्ये सैन्य ओतायला मोकळीक मिळाली. २ तारखेची चकमक खरी होती, ४ तारखेचा हल्ला झालाच नव्हता. त्यांच्याच गुप्तहेर संस्थेच्या इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये खुला झाला, त्यात हे आहे. चाळीस वर्षं जे लोक 'हे खोटं आहे' म्हणत होते, त्यांची गणना कटवेड्यांत होत होती.

आणि सुभेदारसाहेब, तुमच्या अबादानच्या कंपनीचा पुढचा अध्याय. इराणमध्ये पंतप्रधान मोसाद्देघनं १९५१ मध्ये तीच तेल कंपनी राष्ट्रीय केली. तिचं नाव तोवर अँग्लो-इराणियन झालं होतं. १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन हेरखात्यांनी मिळून त्याचं सरकार पाडलं. पैसे वाटून मोर्चे काढले, वर्तमानपत्रांत लेख पेरले. सीआयएनं आपला हात असल्याचे कागद २०१३ मध्ये खुले केले. कंपनी १९५४ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियम झाली. म्हणजे ज्या तेलासाठी मराठा जवान फावला उतरले, त्याच तेलासाठी चाळीस वर्षांनी एक अख्खं सरकार उलथलं. ही पुस्तकं हा संशय जिवंत ठेवतात. त्यांना सरसकट खोटं ठरवू नका.

आपल्याच मातीतलं सांगायचं तर कित्तूर. १८२४ मध्ये तिथले संस्थानिक शिवलिंगरुद्र देसाई वारले. दत्तक मान्य करायला धारवाडच्या कलेक्टर थॅकरेनं नकार दिला आणि खजिन्याला सील ठोकलं. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या वेशीवर तो मारला गेला. राणी चन्नम्मा पुढे बैलहोंगलच्या कैदेत गेली. तिच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये आमच्या खानापूर तालुक्यात, नंदगडला फाशी दिलं. दत्तकाचा वाद हे निमित्त, डोळा खजिन्यावर, असं आमच्याकडे शाळकरी पोरसुद्धा सांगतं. ते पोर काही चुकीचं सांगत नाही.

टिळकवाडी_वाचक

रानवाटा, टोंकिन आणि इराण दोन्ही मान्य. पण त्यातला फरक बघा. दोन्हीकडे तारीख आहे, खात्यांची नावं आहेत, नंतर कागद बाहेर आले, आतली माणसं बोलली. वॉटर्लूच्या गोष्टीचं काय आहे? बाईंच्या वाचनालयातल्या पुस्तकात आहे तीच गोष्ट: नेथन रॉथशील्ड रणांगणावर हजर होता, वादळात खाडी ओलांडून लंडनला आला, खोटी बातमी पसरवून बाजार पाडला आणि कवडीमोलानं रोखे घेतले.

ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १८४६ मध्ये, पॅरिसला, 'सैतान' अशा टोपणनावानं काढलेल्या एका पत्रकात. लढाई १८१५ ची. नेथन १८३६ मध्येच वारलेला, उत्तर द्यायला कोण? तो वॉटर्लूला नव्हताच, लंडनमध्ये होता. त्या घराण्याची कागदपत्रं इतिहासकारांनी तपासली तेव्हा दिसलं की युद्ध लांबेल या हिशेबानं त्यानं सोनं जमवून ठेवलं होतं आणि लढाई चटकन संपल्यानं तो अडचणीतच आला. १९४० मध्ये नाझींनी याच गोष्टीवर चित्रपट काढला. का काढला हे वेगळं सांगायला नको.

स्नेहा_वडगाव

टिळकवाडी दादा, तुम्ही जिथं थांबलात तिथून पुढं मी बोलते, कारण हे स्पष्ट बोललं पाहिजे.

यातल्या पुष्कळ पुस्तकांत 'आंतरराष्ट्रीय सावकार' म्हणतात तेव्हा मनात ज्यू असतात. ते ज्या 'गुप्त इतिवृत्ता'चा ('प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन') आधार घेतात, ते १९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रात छापलेलं बनावट लिखाण आहे. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की ते १८६४ च्या एका फ्रेंच उपहासग्रंथातून उचललंय. त्या मूळ ग्रंथात ज्यूंचा विषयच नव्हता, तो तिसऱ्या नेपोलियनवर होता. चोरी उघड झाली, तरी पुढे जर्मनीत तेच पुस्तक मुलांना शिकवलं गेलं आणि साठ लाख माणसं मारली गेली.

आपल्या सीमाभागात ज्यूंशी कुणाचं भांडण नाही, त्यामुळे वाचणारा निरागसपणे वाचतो. पण एकदा 'एक जमात सगळ्याच्या मागे आहे' ही सवय लागली की नाव बदलायला वेळ लागत नाही. उद्या तिथं शेजारच्या गल्लीतली जमात बसते. मी दोन्ही भाषांच्या शाळेत शिकले, माझ्या मैत्रिणी कन्नड आहेत, उर्दू आहेत. मला याची खरोखर भीती वाटते. असं पुस्तक वाचनालयात असलंच तर त्याच्या शेजारी 'हे बनावट कसं ठरलं' हे सांगणारं पुस्तक असायलाच हवं.

अनगोळचा_पोर

स्नेहाताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या दोन्ही पुस्तकांत ते इतिवृत्त खरं म्हणूनच दिलंय. शेवटी संदर्भांची यादीपण नाही.

मग खरा कट आणि रचलेला कट ओळखायचा कसा? सोपं काही आहे काय?

वाणिज्य_बाई

सोपं नाही, पण मी वर्गात जे करते ते सांगते. मुलाला म्हणते, पुस्तकातली एकच घटना निवड आणि जर्नल नोंद करतोस तशी लिही. तारीख, कुणी दिले, कुणाला दिले, किती, कशासाठी, आणि व्हाउचर कुठाय. टोंकिनची नोंद पूर्ण भरते. जेकिल बेटाची भरते. वॉटर्लूच्या नोंदीत व्हाउचरच्या जागी १८४६ चं पत्रक येतं, आणि मुलाला आपोआप कळतं की ३१ वर्षांनी केलेली नोंद कुठलाही ऑडिटर पास करणार नाही.

दुसरं, मी विचारते की यात तोटा कुणाला झाला? खऱ्या कटात कटवाल्यांचंही नुकसान होतं, डाव फसतात, आपसांत भांडणं होतात. इराणमध्ये १९५३ चा पहिला प्रयत्न फसला होता, तिथला राजा, शहा, देश सोडून पळाला होता, मग दुसऱ्या खेपेला जमलं. ज्या पुस्तकात एकच मंडळ दोनशे वर्षं प्रत्येक डाव जिंकतं, ते पुस्तक बाजूला ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तुझ्या पुस्तकांना संदर्भ नाहीत म्हणतोस, ते नीट तपास. स्वस्त आवृत्त्यांत पुष्कळदा तळटीपा आणि सूची जागा वाचवायला गाळलेल्या असतात. प्रकाशकाला पत्र लिही. वाचकानं मागितलं तर पुढच्या आवृत्तीत येऊ शकतं.

गोव्यात_राहतो

मी मूळचा चिकोडीचा, नोकरीला फोंड्यात. एक भर. 'मध्यवर्ती बँक खासगी आहे' हे वाचून लोक चकित होतात, पण आपली रिझर्व्ह बँकही १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली ती भागधारकांची बँक म्हणूनच, भांडवल ५ कोटी रुपये. १ जानेवारी १९४९ ला राष्ट्रीयीकरण झालं. बँक ऑफ इंग्लंडचं १९४६ मध्ये. या साध्या गोष्टी शाळेत सांगितल्या तर निम्मा गूढपणा उडून जाईल.

जाता जाता, नेताजी आणि ताश्कंद (शास्त्रीजींचा मृत्यू) यांवर कुणीच कसं बोललं नाही?

खडेबाजार_कट्टा

त्यावर बोलायला लागलो तर धागा पुढच्या गणपतीपर्यंत चालेल 😄 कुंदा आणा, मग बसू.

माजी_सुभेदार

नेताजींवर तीन चौकश्या झाल्या. १९५६ ची, १९७४ मध्ये अहवाल आलेली खोसला आयोगाची आणि २००५ मध्ये अहवाल देणाऱ्या मुखर्जी आयोगाची. पहिल्या दोन विमान अपघात मानतात, तिसरी मानत नाही, आणि सरकारनं तिसरी स्वीकारली नाही. २०१५ पासून फायली खुल्या होत गेल्या. ज्याला रस आहे त्यानं तिन्ही अहवाल समोर ठेवून वाचावेत. मला या विषयात चेष्टा आवडत नाही, म्हणून एवढंच.

शस्त्रव्यवहाराबद्दल मात्र बोलतो. बोफोर्सवरची पुस्तकं आमच्या पेन्शनर मंडळींत फार वाचली जातात. १९८६ चा करार, ४१० तोफा, सुमारे १,४३७ कोटी रुपये. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली. दलाली हा गुन्हा होता, त्याचा छडा नीट लागला नाही याची चीड मला आजही आहे. पण तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलला शिखरांवरचे मोर्चे फोडत होती, आणि तिच्या आडोशानं पायदळ वर चढत होतं. पुस्तकं या दोन गोष्टी एकत्र कालवतात, दलाली खाल्ली म्हणजे माल रद्दी. तसं लिहिणाऱ्यानं कारगिलला चढलेल्या एखाद्या जवानाला भेटून यावं. पैसे खाणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे आणि तोफही चांगलीच होती. दोन्ही वाक्यं मी छातीठोकपणे म्हणतो.

काकती_पाटील

सुभेदारसाहेब, बरोबर.

बाई, मी माझं मत थोडं सैल करतो. पुस्तकं ठेवा, पण शाळकरी मुलांना देताना कुणीतरी त्यांच्याशी बोलणार असेल तरच. नुसतं कपाट उघडं टाकायला माझा विरोध कायम आहे. भाच्याला घेऊन यायची तयारी आहे माझी. तो बोलायला तयार असेल तर मुलं त्याचं ऐकतील, माझं-तुमचं नाही ऐकणार.

वाणिज्य_बाई

दादा, त्याला जरूर आणा. त्याच्यावर कुठलाही दबाव नको, नुसता बसला तरी चालेल.

कमिटीची बैठक झाली. पुस्तकं राहणार. मी तीन गोष्टी मागितल्या आणि दोन मिळाल्या. स्नेहानं सांगितलं तसं बनावट इतिवृत्ताचा इतिहास सांगणारं पुस्तक शेजारी ठेवायचं, हे मंजूर. महिन्यातून एका रविवारी वाचकांची बैठक, हेही मंजूर, पहिली सुभेदारसाहेबांची, विषय कूत. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल वाचनालयात ठेवायचे, हे मात्र नामंजूर झालं. कमिटीतले दोघे संचालक आहेत. मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. मागवाले दादा, त्या दिवशी तुम्ही तुमचे जुने अहवाल घेऊन याल का?

शहापूर_मागवाला

येतो. सगळे घेऊन येतो.

अनगोळचा_पोर

मीपण येतोय. रानवाटा दादा, एक राहिलंच. तुम्ही कित्तूरचं लिहिलं, तसं आपल्या इतिहासात सावकारानं राजा पाडलाय असं खरंखुरं, व्हाउचरसकट उदाहरण आहे काय?

खानापूरचा_रानवाटा

आहे. मुर्शिदाबादचे जगत सेठ. बंगालच्या नवाबाची टांकसाळ, महसुलाची उलाढाल, हुंड्या, सगळं त्यांच्या पेढीतून चालायचं. नवाब सिराजउद्दौला त्यांच्यावर उलटला तेव्हा त्याचा सेनापती मीर जाफर आणि इंग्रजांशी जुळवून घेऊन त्यांनी त्याला पाडलं. २३ जून १७५७, प्लासी. क्लाइव्हचा पत्रव्यवहार आहे, मीर जाफरशी केलेला करार आहे, कुणाला किती द्यायचे ते आकडे त्यात आहेत.

पुढचं पण वाच. सहा वर्षांत, १७६३ मध्ये, पुढचा नवाब मीर कासीमनं त्याच जगत सेठ महताब राय आणि त्यांचा चुलतभाऊ स्वरूपचंद या दोघांना ठार मारलं. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. महसूल गोळा करणारीच कंपनी झाल्यावर जगत सेठांच्या पेढीची गरज उरली नाही, आणि घराणं खंगत गेलं. बाईंच्या पद्धतीनं नोंद कर आणि रविवारी घेऊन ये. नावे (डेबिट) बाजूला कोण कोण येतंय ते बघू.